पिवळ्या रुमालाचा हिशेब

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंचांनी पिवळा रुमाल (म्हणजे नियमभंगाची खूण) फेकला तरी पुष्कळदा खेळ चालूच कसा राहतो, असे तू विचारले आहेस. चेंडू खेळात येण्याआधीच आक्रमक संघाचा एखादा खेळाडू दचकून हलला, तर ‘फॉल्स स्टार्ट’ ठरून खेळ तिथेच थांबतो आणि संघाला ५ यार्ड मागे जावे लागते. त्याच संघातल्या कोणी प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले, म्हणजे ‘होल्डिंग’ केले, तर मात्र खेळी पुरी होऊ देतात आणि १० यार्डांची शिक्षा घ्यायची की घडलेला निकाल पत्करायचा, हे समोरच्या संघाला ठरवू देतात. शिक्षा नाकारण्याची ही मुभा मला फार चतुर वाटते. तिसऱ्या डाउनला, म्हणजे १० यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, आक्रमण फसलेलेच असेल, तर शिक्षा घेऊन त्यांना तोच डाउन पुन्हा कशाला खेळू द्यायचा?

यार्डांच्या आकड्यांना फार भुलू नकोस. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बचाव करणाऱ्याच्या होल्डिंगला अवघे ५ यार्ड असले, तरी आक्रमकांना नवा पहिला डाउन, म्हणजे पुन्हा चार प्रयत्न, मिळतो आणि खरी किंमत त्याचीच असते. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ३५-३५ अशी बरोबरी असताना, शेवटची दोनेक मिनिटे उरली असता, फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटीच्या खेळाडूची जर्सी ओढली. त्या एका रुमालामुळे कॅन्सस सिटीला घड्याळ संपवत नेता आले आणि ८ सेकंद राहिले असताना फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे ३ गुण) मारून त्यांनी ३८-३५ असा सामना जिंकला. जर्सी ओढल्याचे ब्रॅडबेरीने नंतर स्वतःच मान्य केले, तरीही असा रुमाल त्या घटकेला काढावा का, हा वाद अजून शमलेला नाही.

न पडलेला रुमाल याहून महाग पडतो. चेंडू पोहोचण्याआधीच झेलणाऱ्याला धडकणे म्हणजे ‘पास इंटरफिअरन्स’. बचाव करणाऱ्याने तो केल्यास एनएफएलमध्ये नियमभंग झाला तिथेच चेंडू ठेवतात, मग ते अंतर ४० यार्ड का असेना, तर कॉलेजच्या खेळात ही शिक्षा १५ यार्डांपुढे जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे रॅम्स या पाहुण्या संघाच्या खेळाडूने अशी उघड धडक दिली, पंच गप्प राहिले आणि रॅम्सनी जादा वेळेत २६-२३ अशी बाजी मारली. पुढच्या हंगामात हा निर्णय चित्रफितीवर तपासण्याची सोय झाली, पण ती एकाच हंगामात मोडीत निघाली. मला ते योग्यच वाटते, कारण संथ गतीने पाहिल्यास साधा स्पर्शही गुन्हा भासू लागतो.

हेल्मेटची जाळी धरून ओढणे किंवा पास फेकून मोकळ्या झालेल्या क्वार्टरबॅकवर उशिरा आदळणे, यांना १५ यार्डांची शिक्षा आहे. जुने प्रेक्षक यातल्या दुसऱ्या नियमावर कुरकुरतात. मी मात्र पंचांच्या बाजूचा, कारण नजर दूरवरच्या सहकाऱ्यावर खिळलेला माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही.

तुझा,
श्रीधर