ऑफिसचा दिवस गुरुवार ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरून काम की ऑफिसातून, या वादावर पुण्यातल्या अनेक आयटी कंपन्यांनी ‘आठवड्यातून तीन दिवस या’ असा तोडगा काढला. कोणते तीन, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. मग सोमवारी अर्धी टीम येते, बुधवारी उरलेली. हिंजवडीच्या कोंडीतून पोहोचलेला माणूस बुक केलेल्या टेबलावर बसतो, हेडफोन लावतो आणि घरी असलेल्या सहकाऱ्याशी टीम्सवरच बोलतो. कार्ड स्वाइप झालं, हजेरी लागली, संपलं.

खरं तर दिवस कामानुसार ठरायला हवेत. नव्यानं रुजू झालेल्याला सुरुवातीचे काही महिने शेजारी बसवूनच शिकवावं लागतं. स्क्रीन शेअर केली तरी तो कुठे अडलाय हे त्यानं विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नवखा सहसा विचारत नाही. डिझाइनवरची चर्चाही समोरासमोर लवकर उरकते. कोड लिहिणं, तपासणं, टेस्टिंग खुशाल घरून व्हावं. रात्रीचे कॉल तर घरूनच बरे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडण्याची सोय लागते. अकरा ते पाच ऑफिस आणि अमेरिकेचा कॉल घरून, ही वाटणी अनेकींना सोयीची आहे. आडवी येते ती ऑफिसात नऊ तास भरण्याची अट.

घरून काम फुकटात होतं, हा कंपन्यांचा समजही चुकीचा. लॅपटॉप, मॉनिटर आणि साधा पंखा रोज नऊ तास, महिन्याचे 22 दिवस चालले तर तीस-पस्तीस युनिट होतात, ते सोसवतं. उन्हाळ्यात दीड टनाचा एसी आठ तास लागला की तासाला साधारण एक युनिट धरून पावणेदोनशे युनिटची भर पडते. घरगुती वापर महिन्याला 300 युनिटच्या वर गेला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो.

त्यात वीज जाते. इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात, हाती बाराशेच्या आसपास लागतात. लॅपटॉप, मॉनिटर, पंखा आणि राउटर मिळून 170 वॉट भार धरला तर सात तास निघतात. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीकडून निम्मीही अपेक्षा धरू नये. इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’वर नसेल तर वीज जाताच राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटतं आणि ऐन कॉलमध्ये माणूस गायब. राउटरला 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला की हे टळतं. फक्त अ‍ॅडाप्टरवरचे अँपिअर आणि पिनची जाडी पाहून घ्यावी. फायबरचा डबा आणि वाय-फाय राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, हे बरेच जण विसरतात. आणि केबलवाल्यानं फायबर जिन्यापर्यंत आणून पुढे लॅन केबल टाकली असेल, तर जिन्यातल्या नेटवर्क स्विचला (घराघरांत इंटरनेट वाटणाऱ्या डब्याला) बॅटरी नसेपर्यंत घरचा सारा बंदोबस्त वाया. थेट घरात फायबर आलं असेल तर ही अडचण बहुधा येत नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये महावितरणची देखभालीची कामं साधारणपणे गुरुवारी निघतात. त्या-त्या भागात काही तास वीज नसते. पुण्यात पाणीही अनेकदा गुरुवारीच बंद. ऑफिसात जनरेटर आहे, एसी आहे. तेव्हा टीमनं एकत्र यायचा दिवस गुरुवार का नसावा? कंपन्यांनी टेबलं कमी केल्यानं सगळे एकदम मावणार नाहीत, हे खरं. मग ज्या टीममध्ये इन्व्हर्टर नसलेले जास्त, त्यांना गुरुवार द्यावा आणि बाकीच्यांना मंगळवार. पण टीम फोडू नये.

– एक वाचक, वाकड, पुणे