फ्रेमवाल्या मामांना उघड पत्र

मामा,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "चहा सांगा आणि विषय सोडा" म्हणून मोकळे झाला असता. म्हणून लिहितोय. उघड लिहायला आणखी एक कारण आहे. संकेश्वर, चिकोडी, अथणीकडची चित्रकार मंडळी विचारतात, बेळगाव-खानापूर-निपाणी असं प्रदर्शन फिरवणं तुम्हाला परवडतं कसं आणि चित्रं शाबूत राहतात कशी? याचं उत्तर तुमच्या दुकानात आहे, ते सगळ्यांना कळावं.

बेळगावला चित्रकारांची वानवा कधीच नव्हती. के. बी. कुलकर्णी सर इथले, रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी. सरांच्या नावाचं कलादालन वरेरकर नाट्य संघात आहे. पण वाचनालयाची खोली, हायस्कूलचा हॉल, मंगल कार्यालय अशा ठिकाणी चित्र लावायचं म्हटलं की भिंत दुसऱ्याची, खिळा मारायला बंदी आणि हातात एकच दिवस. तिथे चित्र कितीही चांगलं असलं तरी काम अडतं ते टांगण्यापाशी.

तुम्ही पहिल्यांदा मापं बांधून दिलीत. जलरंगाचा कागद बहुतेकांचा इम्पीरियल, म्हणजे २२ बाय ३० इंच, नाहीतर त्याचा अर्धा किंवा पाव. त्यावरून फ्रेमची आतली मापं तीनच ठरली: पाव कागदाला १६ बाय २०, अर्ध्याला २१ बाय २८, पूर्ण कागदाला ३० बाय ३८. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी कागदापेक्षा सगळीकडून पाव इंच आत आणि खालची पट्टी वरच्यापेक्षा अर्धा इंच जास्त, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. या तीन मापांमुळे फ्रेम चित्रकाराची राहिली नाही, प्रदर्शनाची झाली. चित्र काढायचं, दुसरं घालायचं. दर वेळी नवी फ्रेम करायची म्हटली असती तर नवख्या पोरापोरींनी चित्र द्यायचंच टाळलं असतं.

चित्र बदलता यावं म्हणून मागच्या बाजूला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचं तुम्ही बंद केलंत. चूक उपसताना फ्रेमची पट्टी फुटते, आणि दोन-तीनदा उपसली की भोकं सैल होऊन चूक धरत नाही. त्याऐवजी स्क्रूवर फिरणारे पत्र्याचे तुकडे, लांब बाजूला तीन, आखूड बाजूला दोन. पट्टीतली काच-चित्र बसायची खाच मात्र खोल हवी, हे बाजारातली तयार पट्टी घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. काच २ मिलिमीटर, माउंट दीड-दोन, चित्र आणि त्यामागचा बोर्ड मिळून दोनेक, पाठीचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) ३. झाले नऊ. सहा-सात मिलिमीटर खाचेच्या पट्टीत हे बसवलं की पाठ फुगते आणि सगळा दाब काचेवर येतो. तुम्ही १२ मिलिमीटरची खाच काढून घेतलीत. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको म्हणालात तेही बरोबर. आपल्याकडच्या पावसात तो कडेने फुगतो.

काच की ॲक्रिलिकची पारदर्शक शीट, यावर आमच्यात बराच वाद झाला. तुम्ही काट्यावर ठेवून तो मिटवलात: ३० बाय ३८ ला ३ मिलिमीटर काच म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, २ मिलिमीटर ॲक्रिलिक पावणेदोन किलो. त्यामुळे मोठ्या फ्रेमला ॲक्रिलिक, लहानांना काच. अपवाद सॉफ्ट पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांचा. ॲक्रिलिक पुसलं की त्यावर वीज साठते आणि ते चित्रावरची भुकटी ओढून घेतं, म्हणून अशा चित्राला माप कितीही मोठं असलं तरी काचच.

आता टांगणं. खानापूरकडच्या जुन्या इमारती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. तिथे चित्रागणिक खिळा मारला तर गिलाव्याचा पोपडाच हातात येतो. तुम्ही विश्वस्तांना समजावून सात फुटांवर एकच लाकडी पट्टी मारून घेतलीत, एक इंच जाड, तीन इंच रुंद, दर दोन फुटांवर गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरणारी खुंटी) आणि स्क्रू. भोक दगडात पाडायचं, सांध्यात नाही. सांध्यात गिट्टी फिरत राहते. पट्टीवरून साखळ्या, साखळीला एस हूक. उंची कडी-कडीने वरखाली होते आणि भिंतीला परत हात लागत नाही. एका फ्रेमला दोन साखळ्या, कारण एकीवरचं चित्र पंख्याच्या वाऱ्यानेही वाकडं होतं.

उंचीचा हिशेब तुम्ही पट्टीच्या टोकाला पेन्सिलने लिहून ठेवलाय, तो इथे उतरवतो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. उभी २१ बाय २८ ची फ्रेम असेल तर तिची वरची कड ७२ वर येते. फ्रेमच्या मागच्या कड्या वरच्या पाव भागावर, म्हणजे ७ इंच खाली, ६५ वर. पट्टी ८४ वर, म्हणून साखळी १९ इंच. उभ्या १६ बाय २० ला हीच साखळी २१ होते. कड्या फ्रेमच्या मध्यावर लावल्या तर चित्र पुढे झुकतं आणि काचेत चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसते. शाळेत मुलं बघणार असतील तर मध्य ५० इंचांवर आणायचा. मोठ्यांना थोडं वाकावं लागतं. वाकू दे.

पावसाळ्याबद्दल तुमचं ऐकलं नसतं तर जलरंगांवर बुरशीचे ठिपके आलेच असते. चित्र माउंटला चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. दमट हवेत कागद पसरतो, त्याला जागा मिळाली नाही की मध्ये फुगतो. वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या, पातळ हातकागदाच्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. चित्र काचेला टेकू द्यायचं नाही, माउंट असतो तो त्यासाठी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाच्या चकत्या लावल्या की फ्रेम आणि भिंतीमध्ये हवा खेळते. आणि जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंतीवर कागदावरचं काम लावायचंच नाही. तिथे तैलचित्रं लावायची. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या पाचरी हलकेच ठोकून ताणता येतो.

गाडीचं काम तुमचं नव्हे, तरी छोटा हत्ती भरताना तुम्ही दुकान बंद करून उभे राहता. चित्रं आडवी रचायची नाहीत. उभी, तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. काचेवर मास्किंग टेपची फुली, म्हणजे काच फुटलीच तर तुकडे चित्रात घुसत नाहीत. ॲक्रिलिकवर टेप नको, डिंक राहतो. कॅनव्हासवर आधी बटर पेपर, मग बबल रॅप. उन्हात तापलेल्या गाडीत बबल रॅप थेट रंगावर असेल तर त्याचे गोल कायमचे उमटतात.

चित्रामागच्या चिठ्ठीची कल्पनाही तुमचीच: नाव, गाव, माध्यम, माप, किंमत, वरच्या बाजूचा बाण, आणि चित्र हाती आलं तेव्हा कुठे काय खरचटलेलं होतं ते. देणारा, नेणारा, लावणारा अशा तिघांच्या सह्या. यामुळे भांडणं किती वाचली ते आम्हालाच माहीत. समोरच्या पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये, सारख्याच अक्षरात. कन्नड मजकूर तुमच्या शेजारच्या दुकानदारांनी तपासून दिला, त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

निपाणीसाठी २१ बाय २८ च्या सहा फ्रेम आणखी लागतील. पट्टी तीच, खाच तीच. आणि मामा, बिलात लाकूड, काच, स्क्रू सगळं असतं, मजुरीचा रकाना मात्र दर वेळी कोरा. या वेळी तो भरल्याशिवाय आम्ही फ्रेमा उचलणार नाही.

तुमचे,
फिरत्या प्रदर्शनातले सगळे चित्रकार
बेळगाव, खानापूर, निपाणी