आश्रमशाळेत रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाला का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागे आश्रमशाळेतल्या जेवणाची बातमी आली होती ती वाचली, सोबत मेनूच्या बोर्डाचा फोटो पण होता, कुठल्या वारी उसळ, कुठल्या वारी पोहे, अंडी कधी, केळं कधी, सगळं खडूने नीट लिहिलेलं. बातमी चांगली होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या वेळेपेक्षा आता खूप सुधारलंय हे मी स्वतः सांगते, तेव्हा आठवड्यातले चार दिवस पातळ आमटी आणि भात असायचा. पण त्या बोर्डावर वार आहेत, पदार्थ आहेत, वेळ कुठेच लिहिलेली नाही, आणि मला जे लिहायचंय ते त्या वेळेबद्दलच आहे.

मी मोखाडा तालुक्यात एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत आदिवासी मुलांच्या सरकारी आश्रमशाळेतच राहून शिकले, तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता, पालघर वेगळा झाला 2014 ला. आता माझी मुलगी सातवीला आहे आणि ती पण आश्रमशाळेतच आहे. शाळेचं नाव लिहित नाही कारण ही गोष्ट एका शाळेची नाही, जव्हार मोखाड्याकडच्या माझ्या ओळखीतल्या आयांना विचारलं तर बहुतेकींच्या पोरांच्या शाळेत हेच चाललंय, आणि मुलीच्या अधीक्षिका मॅडम खरंच मनापासून काम करतात, त्यांना त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही.

होतं असं की संध्याकाळी शाळा सुटली, पोरांनी हातपाय धुतले, थोडं खेळली की सहाच्या आसपास जेवणाची पंगत बसते. जेवणाच्या आधी श्लोक होतो, मग चपाती, भाजी, वरण, भात. जेवून झालं की ज्याने त्याने आपापलं ताट नळावर घासायचं, मोठी पातेली स्वयंपाकी आणि कामाठी म्हणजे वरकाम करणारे घासतात, आणि पावणेसात-सातला स्वयंपाकघराला कुलूप. यानंतर पोराच्या पोटात काही जातं ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी आठ साडेआठला नाष्ट्याच्या वेळी. मधे चौदा तास. मोठी पोरं त्यातले दोन-तीन तास अभ्यासाला बसलेली असतात, नववी-दहावीची तर दहापर्यंत, आणि पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ, प्रार्थना, पीटी हे सगळं पण त्या चौदा तासातच येतं. आपल्या घरात बारा-तेरा वर्षाचं वाढतं लेकरू संध्याकाळी सहाला जेवलं आणि नऊला म्हणालं आई भूक लागली तर आपण त्याला सांगू का की आता सकाळी?

सुट्टीच्या रविवारी मी भेटायला गेले की मुलीची पेटी आवरून देते. तिच्याच नाही, शेजारच्या दोन-तीन मुलींच्या पण, कारण त्यांचे आईबाप दिवाळी झाली की भिवंडी वसईकडे वीटभट्टीवर जातात ते पावसाळ्याच्या तोंडावरच परत येतात, त्यांना भेटायला कोणी येत नाही. पेटीत कपड्यांच्या खाली कागदात गुंडाळलेली अर्धी चपाती असते. एकीच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या. संध्याकाळी पंगतीत अर्धी खायची आणि अर्धी फ्रॉकच्या खिशात घालून आणायची, रात्री अभ्यास झाला की लाइट बंद झाल्यावर पांघरुणात तोंड घालून खायची. ती चपाती तोवर पापडासारखी कडक झालेली असते, मुंग्या लागलेल्या असतात, त्या झटकतात आणि खातात. मीठ असेल तर मीठ लावून. एक लहान मुलगी, तिसरीची असेल, तिने मला अगदी सहज सांगितलं की ताई, वरण खिशात आणता येत नाही ना, म्हणून आम्ही वरण सगळं तिथेच पितो आणि चपाती आणतो. मेनूत प्रथिनं किती आणि कॅलरी किती याचा हिशोब जे करतात त्यांनी हे एकदा ऐकायला पाहिजे. आणि ही चपाती सापडली की ओरडा बसतो, कारण उंदीर होतात, ते पण खरंच आहे.

आता सहाला का, तर यात कोणाचा वाईटपणा नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाया आणि कामाठी हे आजूबाजूच्या पाड्यांवरून येतात, कोणी दोन किलोमीटर, कोणी पाच. शाळा गावाबाहेर माळावर, रस्त्याला दिवे नाहीत, पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडे जाता येत नाही, जंगलाचा भाग आहे, बिबट्या फिरतो. अंधार पडायच्या आत त्यांना घरी पोचायचं असतं, त्यांच्या घरी पण चूल पेटायची असते, लेकरं वाट बघत असतात. त्यातल्या कितीतरी रोजंदारीवर आहेत, जागा रिकाम्या पडल्यात त्या भरल्या जात नाहीत, तिघींचं काम दोघी करतात, तीन-चारशे पोरांच्या चपात्या लाटायच्या म्हणजे दुपारच्या जेवणाची भांडी निघाली की लगेच संध्याकाळच्या कणकेला बसावं लागतं. त्यांना मी दोष देणार नाही. पण म्हणून त्याचा भार पोरांच्या पोटावर टाकायचा हे कसं चालेल? ही सोय कर्मचारी कुठे राहतात त्यावरून ठरलीये, पोरांना भूक कधी लागते त्यावरून नाही.

मी अंगणवाडीत काम करते म्हणून मला हे जास्त खुपतं. 1992 ला आमच्या शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने लहान बाळं गेली, तेव्हापासून आमच्या भागाचं नाव कुपोषणासाठीच पेपरात येतं. आम्ही सेविका सहा वर्षापर्यंतच्या प्रत्येक पोराचं दर महिन्याला वजन घेतो, उंची घेतो, दंडाचा घेर मोजतो, कमी वजनाचं असेल तर जास्तीचा आहार देतो, घरी जाऊन आईला समजावतो की लेकराचं पोट लहान असतं, एकदम जास्त खात नाही, थोडं थोडं पण दोन-तीन तासांनी द्या. आईला हे सांगून सांगून आमचा घसा बसतो. आणि तेच पोर सहा वर्षाचं झालं की पहिलीला आश्रमशाळेत जातं आणि तिथे सरकारच त्याला चौदा तास उपाशी ठेवतं. अंगणवाडीतल्या पोरांची आरोग्य पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी होते, शाळेतल्यांची एकदा. मधल्या दिवसात पोर किती वाळलं ते बघायला आई जवळ नसते. मोठ्या मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात रक्त वाढावं म्हणून, ती देतात ते चांगलंच आहे, पण रक्त गोळीवर नाही वाढत ना, पोटात अन्न लागतं, पाळी सुरू झालेल्या मुली सकाळी प्रार्थनेला उभ्या असताना चक्कर येऊन पडतात हे मी माझ्या शाळेत असताना बघितलंय आणि अजून ऐकते.

आपल्या महाराष्ट्रात बोर्डिंगची सुरुवातच मुळात पोराच्या जेवणापासून झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, 1908 ला अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, कारण त्यांना कळलं होतं की नुसती शाळा काढून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याच्या राहण्याची आणि दोन घासांची सोय लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, तिथे सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची आणि त्यांचा सांभाळ करायच्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र पण दिलं, हे आपण सगळे शाळेत भाषणात ऐकत आलोय. मला त्यातली एवढीच गोष्ट इथे सांगायचीये की लक्ष्मीबाई त्या पोरांबरोबरच राहत होत्या. रात्री कोणाला भूक लागली तर उठवायला माणूस होतं. आज आश्रमशाळेत चपाती लाटणारी बाई आणि चपाती खाणारं पोर रात्री एका छपराखाली नसतात, अधीक्षक असतात पण त्यांच्याकडे स्वयंपाक नसतो, आणि ही फट कोणत्याच जीआरने भरलेली मला दिसली नाही.

काही जण म्हणतील की मध्यवर्ती स्वयंपाकगृह हा उपाय आहे. आदिवासी विकास विभागाची तशी स्वयंपाकगृहं इगतपुरीजवळ मुंढेगावला आणि पालघरला कांबळगावला सुरू झाली, मोठ्या मशीनवर चपात्या होतात, स्वच्छता असते, धान्याचा हिशोब नीट राहतो, हे सगळं मान्य. पण गाडी घाटातून किती वाजता पोचते त्यावर मग पोराचं जेवण ठरणार, आणि रात्री नऊला गाडी येणार नाही. म्हणजे वेळेचा प्रश्न तिथेच राहतो. दुसरे म्हणतील जेवणाचे पैसे पोरांच्या खात्यात टाका. तो प्रयोग कॉलेजच्या पोरांच्या सरकारी वसतिगृहात 2018 ला झालाच की, मेस बंद करून पैसे द्यायचं ठरवलं तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते, आमची मेस परत द्या म्हणून. मोठ्या पोरांना जे नको होतं ते लहानांना काय उपयोगाचं.

मला जे सुचतं ते साधं आहे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाच साडेपाचला पोरांना मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या, पंगत साडेसातला बसवा आणि अभ्यास झाल्यावर झोपायच्या आधी कपभर गरम दूध. दूध तर आत्ता पण येतंच, पण सकाळी नाष्ट्याबरोबर देऊन टाकतात कारण तेव्हा माणसं हजर असतात. नवोदय विद्यालयात किंवा सैनिकी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, संध्याकाळी खेळून आल्यावर खायला मिळतं की नाही आणि रात्रीचं जेवण किती वाजता असतं. ती पोरं पण सरकारचीच आणि आमची पण सरकारचीच.

राहिला प्रश्न माणसांचा. प्रत्येक शाळेत निदान दोन स्वयंपाकी बायांना राहायला खोली द्या, नुसती कागदावर क्वार्टर नको, संडास-बाथरूम असलेली, कडी लागणारी खोली. ते जमत नसेल तर रात्रीच्या पाळीचं काम शेजारच्या पाड्यावरच्या बचत गटाला द्या आणि त्यांना परत सोडायला गाडीची सोय करा, आमच्याकडच्या बाया हे काम आनंदाने घेतील, वीटभट्टीवर जाण्यापेक्षा केव्हाही बरं. लाइट जाते हे कारण पण मला सांगितलं गेलं. कॉम्प्युटरच्या खोलीला इन्व्हर्टर आहे, तर जेवायच्या पडवीत दोन बल्ब त्याच्यावर का नाही लागू शकत?

अजून एक, जेवणाची चव आधी बघून नोंद करायची वही असते तशीच वेळेची नोंद ठेवा. शेवटचं ताट किती वाजता वाढलं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं किती वाजता, एवढे दोनच आकडे रोज लिहा आणि महिन्याला आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात पाठवा. अंगणवाडीत आम्ही याच्या दहापट आकडे मोबाईलवर भरतो, त्यामुळे हे होणार नाही असं कोणी सांगू नये. नियोजन करणारे लोक कागद बघतात, तर कागदावर ते चौदा तास एकदा दिसू द्या.

मुलीला मी विचारलं होतं की मॅडमशी बोलू का, तर नको म्हणाली, मग चपाती पण खिशात घालू देणार नाहीत म्हणे. म्हणून तिच्या शाळेत न बोलता तुम्हाला लिहिते आहे.

माझी एक विनंती म्हणून एवढं करा, तुमचे वार्ताहर पुढच्या वेळी आश्रमशाळेत जेवणाची बातमी करायला जातील तेव्हा त्यांना दुपारी बाराला पाठवू नका. रात्री साडेनऊला पाठवा, अधीक्षकांची परवानगी घेऊन, मुलींच्या बाजूला बाई वार्ताहर. आणि पोरांना मेनूत काय होतं ते न विचारता एवढंच विचारा की आत्ता भूक लागलीये का. मिळेल ते उत्तर छापा, प्रकल्प अधिकारी साहेब तुमचा पेपर वाचतात हे मला माहीत आहे.

आपली नियमित वाचक,
एक अंगणवाडी सेविका
ता. मोखाडा, जि. पालघर