छपराची गळती, न बसवलेला चार्जर आणि 'टोळकं' हा शब्द

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक यांस

विषय: मोटरहोमची (राहत्या गाडीची) वॉरंटी बेकायदा रद्द केल्याबद्दल, तसेच तुमच्या सर्व्हिस प्रमुखांनी काल दुपारी फोनवर वापरलेल्या भाषेबद्दल

महोदय,

कालच्या फोननंतर तुमच्या सर्व्हिस विभागाशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे. चासी नंबर, बिल, कोटेशन, सगळं तुमच्या फायलीत आहे. छपराला भोक कुठे पाडलं आणि बॅटरी कुठल्या सीटखाली ठेवली हे तुमच्याच कारागिरांनी ठरवलं, तेव्हा गाडी कशी आहे ते मी तुम्हाला समजावत बसत नाही. मूळ गाडीच्या इंजिनाबद्दल, ब्रेकबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या रिकाम्या गाडीत तुम्ही जे घर बांधलंत त्याबद्दल, ज्याचे तुम्ही वेगळे पैसे घेतलेत.

जुलैत आम्ही काही गाडीवाले घोटीच्या पुढे, वैतरणा धरणाच्या पाण्याजवळ, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर त्याला विचारून मुक्कामाला होतो. भाताची लावणी चालू होती, पाऊस त्या भागात पडतो तसा पडत होता. मध्यरात्रीनंतर छपरातल्या पंख्याच्या चौकटीतून पाणी ठिबकायला लागलं. थोड्या वेळात धार लागली. छताच्या प्लायमधून ते कपाटाच्या मागे उतरलं आणि तिथून सीटखालच्या पेटीत, जिथे बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. आम्ही मेन स्विच बंद केला आणि अंधारात बसलो. फ्रिजमध्ये माझ्या मिस्टरांची इन्सुलिनची न उघडलेली पेनं होती. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. हे मी तुम्हाला गाडी बनवून घेतानाच सांगितलं होतं आणि तुमच्या माणसाने वहीत लिहूनही घेतलं होतं.

तुमच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन लावला. रेकॉर्डिंग लागलं. परत लावला, परत रेकॉर्डिंग.

धावून कोण आलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शेजारच्या गाडीतले, सातपूरला ज्यांचं लहान वर्कशॉप आहे ते दादा भर पावसात शिडी लावून छपरावर चढले. पंख्याच्या कडेचं सिलिकॉन त्यांनी नखाने उचललं आणि ते पट्टीसारखं अख्खंच्या अख्खं हातात आलं. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते साधं सिलिकॉन. उन्हात तापणाऱ्या, रस्त्यावर सतत हलणाऱ्या पत्र्यावर ते टिकत नाही, तिथे चौकटीखाली ब्युटाइलची चिकट रबरी टेप आणि वरून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट लागतं, हे कुठलाही बस-बॉडी बांधणारा सांगेल. चौकटीखाली टेपचा तुकडासुद्धा नव्हता. दादांनी स्वतःच्या गाडीतली टेप काढून कडा दाबून बंद केल्या, वरून ताडपत्री बांधली. पिंपळगावच्या वहिनींनी आमच्या गाद्या उचलून स्वतःच्या गाडीत नेल्या, आम्हाला त्यांच्या बर्थवर झोपवलं आणि इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं. वहिनी आणि त्यांचे मिस्टर उरलेली रात्र पुढच्या सीटवर बसून होते.

सकाळी तुमचा मेसेज आला: तुमची तक्रार नोंदवली आहे. मग कित्येक आठवडे काही नाही. मी मेल करत राहिले, फोन करत राहिले. शेवटी तुमचा माणूस इंदिरानगरला येऊन छपराचे फोटो काढून गेला, आणि त्या फोटोंवरून तुम्ही कळवलंत की बाहेरच्या व्यक्तीने दुरुस्ती केल्यामुळे वॉरंटी संपुष्टात आली आहे.

आता कालचा फोन.

मी लावला तेव्हा आधी मुलीने उचलला. तिने सर्व्हिस प्रमुखांकडे फोन देते म्हणून सांगितलं. तिने होल्डचं बटण नीट दाबलं नसावं, कारण मला पलीकडचं स्वच्छ ऐकू येत होतं. एक पुरुषी आवाज म्हणाला, "नाशिकची बाई ना? काहीतरी सांगून कटव तिला." मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, लाइन चालू आहे." मग शांतता. मग ते गृहस्थ फोनवर आले आणि "बोला मॅडम, कशा आहात?" असं अगदी गोड आवाजात म्हणाले.

मी कशी आहे ते सांगितलं नाही. वॉरंटी कुठल्या कलमाखाली रद्द केली ते विचारलं. ते म्हणाले, छपराला बाहेरच्या माणसाने हात लावलाय. मी म्हटलं, पाणी बॅटरीत उतरत होतं आणि तुमचा फोन कुणी उचलत नव्हतं, मग आम्ही काय करायला हवं होतं? त्यावरचं त्यांचं उत्तर शब्दशः देते: "मुळात पावसात गाडी बाहेर काढायचीच कशाला मॅडम? समजदार लोक पावसाळ्यात शेडमध्ये लावतात."

महोदय, तुमच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर हिरव्यागार डोंगरात, ओल्या रस्त्यावर उभी असलेली गाडी आहे. तो फोटो एप्रिलमधला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला चार महिने शेडमध्ये ठेवायची गाडी विकायची असेल, तर ते पैसे घेण्याआधी सांगा.

मी तरीही आवाज चढवला नाही. जुनी सीलंटपट्टी मी जपून ठेवली आहे, तुमच्या इंजिनिअरला पाठवते, त्यांनी ती बघून सांगावं, एवढंच म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "तुमचं ते जे टोळकं आहे ना मॅडम, त्याच्या नादी लागू नका. रिकामटेकडी माणसं असतात ही. मीटर घेऊन फिरतात. आमच्या इंजिनिअरपेक्षा यांना जास्त कळतं का?" मी विचारलं, टोळकं कुणाला म्हणताय? ते हसले. "अहो, गमतीने म्हटलं." मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मीटिंग आहे," आणि फोन ठेवला. त्यानंतर तुमच्याकडून कुणीही फोन उचललेला नाही.

मी बँकेत आयुष्यभर काउंटरवर नोकरी केली. ग्राहक ओरडला, चुकीचं बोलला, तरी माझ्या तोंडून त्याच्या घरच्या माणसांबद्दल वाकडा शब्द गेला नाही. ही माणसं माझ्या घरचीच आहेत. तुमच्या सर्व्हिस प्रमुखांना ती माहीत नाहीत, म्हणून सांगते. त्या माळावर त्या रात्री जे दादा छपरावर चढले, त्यांनी टेपचे पैसे घेतले नाहीत. नाशिक रोडचे काका महावितरणमधून निवृत्त झालेत. नवीन कुणी गाडी घेतली की ते स्वतः जाऊन तिचं वायरिंग तपासून देतात आणि चहाशिवाय काही घेत नाहीत. मालेगावच्या एका भाऊंनी स्वतःची गाडी स्वतः बांधली आहे. कुणाचा पाण्याचा पंप बंद पडला की त्यांच्याकडे सुटा पंप असतोच, आणि तो परत आला नाही तरी ते विचारत नाहीत. आपल्याकडे कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, सोय असलेल्या जागा आजही मोजक्या. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण रात्री अडीचला कसारा घाटात इंजिनाचा पट्टा तुटला तर माणूस याच लोकांना फोन करतो. सर्व्हिस सेंटर तुमचं एकच, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. तुमचं निम्मं काम ही माणसं फुकट करतात आणि तुम्ही त्यांना टोळकं म्हणता.

मीटर घेऊन फिरणाऱ्यांना काय सापडलं तेही वाचा. कोटेशनमध्ये ओळ आहे: डीसी-टू-डीसी चार्जर. गाडीत तो नाही. दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा साधा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवलाय. लिथियम बॅटरीचा आतला रोध कमी असतो, ती ऑल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, एकदम भरमसाट करंट ओढते आणि ऑल्टरनेटर तापतो. तो करंट आवरायला आणि बॅटरीला योग्य व्होल्टेज द्यायला हा चार्जर लागतो. काकांनी इंजिन चालू ठेवून मोजलं: पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या, घराच्या बॅटरीवर १३.३. मधली तार ६ चौरस मिमीची, जाऊन-येऊन दहाएक मीटर. ३० अँपिअरला तिच्यातच जवळपास एक व्होल्ट खाल्ला जातो. तिथे १६ चौरस मिमीची तार असती तर त्याच्या निम्माही गेला नसता. २०० अँपिअर-तासाची, १२.८ व्होल्टची बॅटरी म्हणजे अडीच युनिटांहून थोडी जास्त वीज. फ्रिजला दिवसाला अर्धा-पाऊण युनिट लागतं. दोन रात्री सहज निघायला हव्यात. आमची पहाटेपर्यंत पोहोचत नाही, कारण ती कधी पूर्ण भरतच नाही. यावर तुमच्याकडून आलेलं उत्तर होतं, "सोलर आहे ना मॅडम." जुलैत, इगतपुरीच्या ढगांखाली, सोलर.

गॅसच्या कप्प्याबद्दल मी आधीही लिहिलं होतं, पुन्हा लिहिते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. तुम्ही जाळी दिली आहे ती वरच्या बाजूला, दिसायला छान. आम्ही सिलिंडर काढून ठेवला आहे आणि स्वयंपाक बाहेर करतो. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि आपली गाडी त्याप्रमाणे असल्याचं तुमच्या विक्रेत्याने आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. त्या मान्यतेचे कागद मला दाखवा.

सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं ते सांगते. गाडी हातात आली तेव्हा आम्ही ती गंगापूर धरणावर नेली, नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला नेली, वणीच्या गडाच्या पायथ्याशी नेली. जिथे थांबलो तिथे लोक आत डोकावायचे आणि मी प्रत्येकाला दार उघडून दाखवायची. ओटा, बर्थ, छपरातला तो पंखासुद्धा. तुमच्या कंपनीचा नंबर मी कितीतरी जणांना लिहून दिला. नोकरीची शेवटची पुंजी ज्यांनी अशा गाडीसाठी बाजूला ठेवली आहे असे दोन जण माझ्या शब्दावर तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊन गेले. मराठी माणसांनी उभी केलेली कंपनी म्हणून मला कौतुक होतं. आता त्या दोघांना मी काय सांगू, ते तुम्हीच मला कळवा.

मला हवं ते असं. वॉरंटी रद्द केल्याचं पत्र लेखी मागे घ्या. गाडी तुमच्या खर्चाने नाशिकहून नेऊन छपर उघडा, फुगलेला प्लाय बदला, चौकट योग्य सीलंटने बसवा आणि पाण्याची चाचणी माझ्या समोर करा. कोटेशनमधला चार्जर आणि योग्य जाडीची तार बसवा. पुन्हा सांगते, त्या चार्जरचे पैसे तुम्ही घेतलेले आहेत, बिलात ओळ आहे. गॅसचा कप्पा दुरुस्त करा. आणि सर्व्हिस प्रमुखांनी सातपूरच्या दादांची आणि नाशिक रोडच्या काकांची नाव घेऊन, लेखी माफी मागावी. माझी नाही मागितली तरी चालेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार मी राहते तिथेच तक्रार करता येते, तुमच्या गावी येण्याची गरज नाही. गाडीची किंमत ३४ लाख आहे आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची. मुदत दोन वर्षांची, ती अजून बरीच शिल्लक आहे. वकीलही लागत नाही. बँकेत वसुलीचे कागद तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा कागद नीट लागतील याची खात्री बाळगा. सीलंटची पट्टी, मीटरच्या आकड्यांचा व्हिडिओ, रात्री लावलेल्या फोनची नोंद, सगळं तारखांसह लावून ठेवलं आहे. आणि आयोगासमोर साक्षीला ते 'टोळकं' येणार आहे. त्यांनी स्वतःहून सांगितलंय.

फोन करू नये. त्या गृहस्थांनी तर मुळीच करू नये. उत्तर स्पीड पोस्टाने किंवा मेलवर, तुमच्या सहीने यावं.

गाडीमालक,
इंदिरानगर, नाशिक