चेवनिंगचा अर्ज भरतेय, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

आधी मुद्द्याचं सांगते. या वर्षी मी चेवनिंगचा अर्ज भरतेय. फोनवर हे नीट बोलणं होत नाही. बाबा ‘बघू’ म्हणून विषय बदलतात आणि आईचा आवाज लगेच बारीक होतो. म्हणून सगळं लिहूनच काढते. शांतपणे वाचा, मग रागवायचं तर रागवा.

चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, १९८३ पासून चालू आहे. पैसा मुख्यतः त्यांचं परराष्ट्र खातं देतं. तिकडच्या विद्यापीठात एक वर्षाचं मास्टर्स करायचं. फी, विमानाचं तिकीट, व्हिसा, महिन्याचा खर्च त्यांच्याकडे. म्हणजे बाबा, तुमच्या बेस्टच्या फंडाला हात लागणार नाही आणि कुणाच्या दारात कर्जाला उभं राहायला नको. निदान दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं, ते माझं झालंय. वयाची अट नाही. आणि शिक्षण संपलं की मायदेशी परत येऊन किमान दोन वर्षं राहावंच लागतं. पोरगी गेली की तिकडचीच होते, ही आईची धास्ती मला कळते. पण मी सही करणार तीच मुळी परत येण्याच्या अटीवर.

अशी अट आपल्या घराला नवीन आहे का? बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करूनच. आणि ते आलेही. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही, हे मला तुम्हीच सांगितलंत बाबा, आणि सांगताना दरवेळी तुमचा गळा भरून यायचा. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला आणि १९२० साली राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले.

के. आर. नारायणन यांचं नाव आपल्याकडे कमी निघतं, याचं मला वाईट वाटतं. केरळातल्या उळवूर गावचा गरीब दलित मुलगा. मुंबईत वर्तमानपत्रात काम केलं, टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. परत येताना त्यांचे प्राध्यापक हॅरल्ड लास्की यांनी नेहरूंच्या नावाने पत्र दिलं आणि १९४९ साली ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले. चीनमध्ये राजदूत, अमेरिकेत राजदूत, १९९७ साली राष्ट्रपती. एका शिष्यवृत्तीने माणूस कुठून कुठे जातो ते बघा.

आता मला का जायचंय ते. गोवंडीत बैंगनवाडीला पोटमाळ्यावर जरीकाम करणारी एक ताई आहे. टीबी झाला. गोळ्या सरकार फुकट देतं, पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही खात्यात जमा होतात. पण सहा महिने रोज त्या गोळ्या पोटात जायला कुणीतरी मागे लागावं लागतं. उलट्या झाल्या तर धीर द्यायचा, नवऱ्याला समजवायचं, खातं आधारला जोडलेलं नसेल तर बँकेत बरोबर जायचं. आमच्या संस्थेतली एक कार्यकर्ती हे सगळं करायची. तिचा पगार परदेशातून येणाऱ्या पैशातून व्हायचा. तो पैसा थांबला आणि महिन्याच्या आत ती घरी बसली. ताई मला जिन्यातच विचारते, ‘वो दीदी क्यों नहीं आती?’ मी काय सांगू तिला? निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथे बैंगनवाडीचा जिना चढलेलं एकही माणूस नव्हतं. कुठल्या देशाने कुठे पैसा द्यायचा, किती वर्षं द्यायचा, काढून घ्यायच्या आधी काय सोय लावायची, हे ठरवणारी माणसं कशी विचार करतात ते मला शिकायचंय. ससेक्स विद्यापीठाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे, १९६६ पासूनची. माझी पहिली पसंती तीच.

बाबा, तुमच्या मनात अजून यूपीएससी आणि आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवाच आहे. तो रस्ता मोठाच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण तिथे जागा फार थोड्या, आणि मला जे काम येतं ते आरोग्याचं, वस्तीतलं आहे. भारत आता नुसता मदत घेणारा देश राहिलेला नाही. शेजारच्या देशांना, आफ्रिकेला आपणही कर्ज आणि मदत देतो. त्यासाठी २०१२ साली परराष्ट्र मंत्रालयात वेगळा विभाग निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची ऑफिसं दिल्लीत आहेत. परत आल्यावर मी तिथे प्रयत्न करीन. चेवनिंग नोकरी देत नाही, हेही स्पष्ट सांगते. ती मलाच शोधावी लागेल.

अर्जात चार निबंध आहेत. त्यातला एक ओळखीपाळखी जोडून कामं कशी पुढे नेलीत यावर आहे. त्यात मी आपल्या वस्तीतल्या आशा सेविका, वॉर्ड ऑफिसातले क्लार्क आणि मशिदीच्या कमिटीचे चाचा यांच्याबद्दल लिहिलंय. मोठी नावं माझ्याकडे नाहीत आणि खोटी मी घालणार नाही.

अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चपासून, निकाल जूनच्या सुमारास. नाही झालं तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, प्रवेश हातात आला की तिचा अर्ज करीन. झालं तर वर्षभर दादा दर महिन्याला गावी येईल, त्याने कबूल केलंय. आईच्या बीपीच्या गोळ्या मंडणगडला मिळत नाहीत त्या तोच आणेल. आई, लग्नाचं आल्यावर बघू. तोपर्यंत मामीला नवीन स्थळं पाठवू नको म्हणून सांग.

एक काम आहे. पत्र्याच्या मोठ्या ट्रंकेत, आजीच्या फोटोखाली माझं जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणि डोमिसाइल आहे. शाहू शिष्यवृत्तीला लागेल. बाबा, दोन्हीचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, उजेडात काढा. मूळ कागद दिवाळीला आल्यावर घेऊन जाईन.

तुमची,
ताई