नियमांची नजर कौलांवर, कूज वाशांत

महोदय,

मुंबईत 1995 ची वारसा नियमावली आल्यापासून खोताच्या वाडीसारख्या वारसा परिसरात कौलारू घराचे छप्पर बदलायचे म्हटले, की चर्चा कौलाच्या रंगाभोवती फिरते. लाल कौलाचा नमुना अर्जाला जोडला की काम झाले, असे मालकालाही वाटते आणि कागद तपासणाऱ्यालाही. छप्पर खचते ते मात्र वळचणीला कुजलेल्या वाशांमुळे.

वासा भिंतीबाहेर येतो तिथे, झालरीच्या फळीमागे, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड गेले. तरीही अख्खा वासा काढण्याची वेळ क्वचितच येते. निकोप लाकूड लागेपर्यंत कापायचे, त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, सांधा वाशाच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब ठेवायचा आणि स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने आवळायचा. खाऱ्या हवेत साधे बोल्ट गंजून फुगतात आणि लाकूड चिरते. ठेकेदार 'सगळेच बदला' म्हणतो, त्यामागे जुन्या सागाचा बाजारभावही असतो, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

कौलांचा हिशेब जोत्याच्या क्षेत्रफळावर केला की माल कमी पडतो. घर 600 चौरस फुटांचे आणि उतार 30 अंशांचा असेल, तर पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, वळचण सोडूनच सुमारे 690 चौरस फूट भरतात. शंभर चौरस फुटांना मंगलोरी कौले साधारण 140 लागतात. म्हणजे 965 च्या आसपास, वर दहा टक्के फुटतूट. वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एका पाख्यावर मिसळू नयेत. कारखान्याचा छाप कौलाच्या पोटाला असतो. खाचेत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी दहा-बारा कौलांत ओळ तिरपी होते आणि फटीतून पाऊस येतो. जुन्यांपैकी खणखणीत वाजणारी रस्त्याकडच्या पाख्यावर घालावीत, नवी मागे. बद्द आवाजाची बाजूला काढावीत.

रिपांचे, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचे, अंतरही ठोकळ मापाने धरू नये. अकरा कौले खाचेत बसवून एकदा ताणून, एकदा सरकवून पहिल्याच्या माथ्यापासून अकराव्याच्या माथ्यापर्यंत मोजावे आणि सरासरीला दहाने भागावे. कौले उतरवताना दोन्ही पाखी बरोबरीने हलकी करावीत. एक बाजू मोकळी आणि दुसरी भरलेली राहिली, तर जुनी कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट, तिरकी होते.

हल्ली कौलांखाली प्लास्टिक अंथरून त्यावर थेट आडव्या रिपा ठोकतात. झिरपलेले पाणी मग प्रत्येक रिपेशी अडते. आधी वाशांवर 25 मिलिमीटरची उभी रीप हवी, तिच्यावर आडवी. आढ्यावरची कौले सिमेंटमध्ये बसवू नयेत. सिमेंट तडकते, आणि पुढच्या वेळी ती कौले फोडल्याशिवाय निघत नाहीत. चुन्याचा गिलावा पुरतो.

कौलाच्या आकाराचा रंगीत पत्रा लांबून फसवतो, पण आक्षेप केवळ दिसण्याचा नाही. 2 ते 3 किलोच्या कौलांचे चौरस मीटरला 35-40 किलो वजन छप्पर दाबून धरते. हलका पत्रा रिपांना स्क्रूने जखडला जातो. खालचे वासे मात्र अनेक जुन्या घरांत भिंतीवर नुसते टेकलेले असतात. वादळी वाऱ्यात पत्र्यासकट छप्परच उचलले जाऊ शकते.

म्हणून पालिकेला विनंती, की अर्जासोबत प्रत्येक वाशाला क्रमांक देऊन किती कुजला ते दाखवणारा नकाशा मागावा. आढ्याची आणि वळचणीची उंची शेजारच्या घराच्या जोत्यासारख्या पक्क्या खुणेपासून मोजून लिहून घ्यावी. पोटमाळ्यासाठी आढे फूटभर चढवण्याचा मोह तिथेच अडतो. कौले चाळणे (उतरवून पुन्हा नीट लावणे), फुटकी बदलणे याला मात्र पूर्वसूचना पुरावी. छप्पर बदलण्याच्या अर्जांचा निकाल डिसेंबरपर्यंत लागला पाहिजे. परवानगी मे महिन्यात हाती आली तर पावसाळाभर ताडपत्री राहते, खाली ओल कोंडते आणि नकाशावर निकोप दाखवलेले वासेही पुढच्या हिवाळ्यात बदलावे लागतात.

— छप्पर-दुरुस्तीच्या कामातील एक वाचक, गिरगाव, मुंबई