हिंसक वडिलांची पालकक्षमता एका तासात तपासू नका

माननीय महिला व बालविकास मंत्री महोदया,
सप्रेम नमस्कार.

मुलांचा ताबा आणि भेटीच्या वादांत मुलांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. घरात हात उचलणाऱ्या वडिलांची पालक म्हणून क्षमता आज ज्या पद्धतीने तपासली जाते, ती बदला, एवढ्यासाठी हे पत्र.

तासाभराच्या भेटीसाठी वडील खेळणं घेऊन भेटीच्या खोलीत येतात, मूल हसतं आणि अहवालात 'जिव्हाळ्याचे संबंध' अशी नोंद होते. अशाच एका भेटीत सात वर्षांचा मुलगा ठोकळे रचत होता. वडिलांनी खुर्ची मागे सरकवली, फरशीवर कर्रकन आवाज झाला आणि पोराने दोन्ही हात डोक्यावर धरले. त्या वडिलांना मी विचारलं, "बायकोला मारलंत त्या रात्री मुलगा कुठे होता?" म्हणाले, "झोपला होता." मुलाने मला आधीच सांगितलं होतं, की तो धाकट्या बहिणीचे कान दाबून बसला होता.

क्षमता पाहायची ती इथे. मुलाने काय पाहिलं, काय ऐकलं, हे बापाला स्वतःच्या तोंडाने सांगता येतं का? राग आवरत नाही म्हणावं, तर साहेबांसमोर तो बरोबर आवरतो! आणि 'नवरा वाईट असेल, पण बाप चांगला आहे' हे वाक्य तर अहवालांतून हद्दपारच करा. मुलांच्या आईला मारणं हे बाप म्हणूनही केलेलं कृत्य आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम ९ दोन्ही पालकांना भेटत राहण्याचा मुलाचा हक्क मानतं, पण ते मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तरच. महिलांवरच्या आणि घरगुती हिंसेविरुद्धच्या, युरोपातल्या २०११ च्या इस्तंबूल कराराचं कलम ३१ ताबा आणि भेटी ठरवताना हिंसेच्या घटना विचारात घ्यायला सांगतं.

म्हणून आई आणि मूल यांच्याशी वेगवेगळं, वडिलांच्या गैरहजेरीत बोलणं सक्तीचं करा. पोलीस आणि दवाखान्याची कागदपत्रं मागवा. वेगळं झाल्यावर हिंसा थांबतेच असं नाही, कित्येकदा वाढते. मूल सोडण्या-आणण्याची वेळ तिचं निमित्त होते. तपासणी पूर्ण होईपर्यंत भेटी देखरेखीखालीच हव्यात, आणि देखरेखीतलं चांगलं वागणं हा बदलाचा पुरावा धरू नये.

बाप बदलू शकतो, हे मी पाहिलं आहे. पण त्याला महिने लागतात, आणि समुपदेशनाच्या प्रमाणपत्रावरून ते कळत नाही. दुसरे एक वडील आठव्या महिन्यात मान खाली घालून म्हणाले, "मुलगी जागी होती. मला तेव्हाही माहीत होतं." भेटी वाढवण्याची शिफारस मी त्यानंतर केली, तीही मुलीला आणि तिच्या आईला विचारून.

आपली,
एक बाल समुपदेशक